वीतभर सवलत

कमलाकांत राजंदेकर गुरुजींना एका जागी बसवत नाही. पूजा सांगणाऱ्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण खरं आहे ते लिहिलं पाहिजे. सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायापर्यंत ते मांडी घालून कसेबसे तग धरतात. पाचव्याला त्यांचा उजवा गुडघा हलायला लागतो आणि यजमानीणबाईंना वाटतं, गुरुजींना पुढच्या घरची घाई झाली. घाईबिई काही नसते. पुढच्या घरीही तो गुडघा असाच हलतो. घराणं मूळचं बार्शीटाकळीकडचं, राजंद्याचं. वडील भिक्षुकीसाठी अमरावतीत आले आणि मुलानं तीच पोथी पुढे चालवली. अर्धी अमरावती गुरुजींनीच बोहल्यावर उभी केली असेल. तरी गावात त्यांची खूण सांगायची झाली तर 'ते गोल्फ खेळणारे गुरुजी' असंच सांगावं लागतं.

ही भानगड सुरू झाली खंडेनवमीला. शहराबाहेर, टेकड्यांच्या पायथ्याशी एक जुना क्लब आहे. खंडेनवमीला जो तो आपापल्या हत्यारांची पूजा करतो. सुतार करवतीची करतो, शिंपी मशीनची करतो, तशी क्लबातली मंडळी गोल्फच्या काठ्यांची करतात. पूजेला गुरुजींना बोलावणं असायचं. तेव्हा ते चाळिशीचे होते. काठ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहून झाली, आणि क्लबाचे सेक्रेटरी, एक दातांचे डॉक्टर, गमतीनं म्हणाले की गुरुजी, पूजा लागू पडली का ते एक फटका मारून दाखवा. गुरुजींनी धोतर खोचलं आणि मारला. चेंडू असा गेला की प्रसादाची केळी हातात घेऊन उभे असलेले लोक केळी सोलायची विसरले. दुसरा फटका मातीत बसला, पण तो कुणी ध्यानात ठेवला नाही. गुरुजींनी तर नाहीच नाही.

डॉक्टरांनी आपली जुनी बॅग त्यांना देऊन टाकली. तेव्हापासून वीस वर्षं गुरुजी सकाळची संध्या आटोपतात, पँट चढवतात, स्कूटरवर पायांच्या मध्ये बॅग उभी करून मैदानावर जातात आणि पहिल्या यजमानाच्या दारात पुन्हा धोतरात हजर होतात. त्यांच्या बायकोनं, विमलकाकूंनी, पहिली दोन वर्षं कटकट केली आणि मग पँट धुवायला टाकताना खिशातले चेंडू काढून ठेवायची सवय लावून घेतली.

आता हे मैदान कसं आहे ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. गोल्फमध्ये अठरा होल असतात, म्हणजे जमिनीतली अठरा भोकं. चेंडू एकेका भोकात घालायचा, आणि ज्याला एकूण फटके कमी लागले तो शहाणा. आमच्या क्लबात होल सहा. तेच तीनदा फिरायचे आणि अठरा झाले म्हणायचं. भोकाभोवती मऊ हिरवळ असावी लागते, तिला ग्रीन म्हणतात. ती जगवायला पाणी कुठून आणणार? म्हणून तिथे गोल आखून वाळू टाकलेली आहे, आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात गाड्यांचं जळकं ऑइल कालवलेलं आहे. चेंडू ढकलण्याआधी लोखंडी पाइप ओढून वाळू सारखी करायची. बाकी सगळी काळी जमीन. वैशाखात ती अशी फाटते की भेगेत गेलेला चेंडू पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडत नाही.

त्या भेगांवरून जुन्या सभासदांनी कधीतरी एक सवलत काढली. चेंडू भेगेत अडकला तर उचलावा आणि वीतभर अंतरात नीट जागी ठेवावा, फटका मोजू नये. पुढे दगडाशी अडकला तरी तसंच करायला लागले. मग शेळीच्या लेंड्यांत गेला तरी. गुरुजी खेळायला लागले तोवर कुणी कारण शोधत नव्हतं. चेंडू चांगल्या जागी असो की वाईट, पाऊस असो की ऊन, फटका मारण्याआधी वाकायचं, चेंडू उचलायचा, पँटला पुसायचा, वीतभर सरकवून गवताच्या चार काड्यांवर मांडायचा. गुरुजींच्या हाताला तर मांडामांडीची जन्माची सवय. त्यांनी मांडलेला चेंडू पाटावरच्या देवासारखा दिसायचा.

असं सगळं सुखात चाललं होतं, आणि मग घरी टीव्हीवर एक स्पर्धा दिसली. हैदराबादच्या बाहेरचं मैदान. देशातले मोठे खेळाडू आले होते, आणि गवत असं होतं की विमलकाकूंनी विचारलं, हे खरं आहे की अंथरलेलं. शेवटी निवेदक सांगून गेला की हे मैदान सर्वांना खुलं आहे, जागा राखून ठेवली की साधा माणूसही इथे खेळू शकतो. गुरुजी त्या रात्री जेवले नाहीत असं म्हणता येणार नाही, पण काय जेवले ते त्यांना आठवत नव्हतं.

डोक्यात किडा शिरला तो असा. पूजेत जे मिळत नाही त्याच्या जागी दुसरं चालतं. मूर्ती नसली तर सुपारी मांडा. वस्त्र नसलं तर कापसाचं वाहा. दागिना नसला तर अक्षता. यजमान संकोचला तर गुरुजी म्हणायचे, "चालते, काही बिघडत नाही." हजार घरांत म्हटलं असेल. आणि आता पहाटे मैदानावर पाइप ओढताना त्यांना वाटायला लागलं, की आपलं गोल्फ हे सगळंच सुपारी मांडून चाललं आहे. ग्रीनच्या जागी जळकं ऑइल, अठराच्या जागी सहा. आपण नव्वदच्या आत येतो म्हणून चारचौघांत मिरवतो, पण ते नव्वद कशाचे? देव सुपारीत येतो, कारण देव दयाळू आहे. गोल्फ दयाळू आहे असं कुणी सांगितलं नव्हतं.

चैन पडेना. मंगळागौरीत कलश मांडताना हात थांबायचा. एका वास्तुशांतीत तर यजमानानं सोन्याच्या वास्तुपुरुषाऐवजी तांब्याचा चालेल का विचारलं आणि गुरुजी नेहमीचं "चालते" म्हणायच्या ऐवजी त्याच्याकडे बघतच राहिले. तो बिचारा घाबरून सराफाकडे पळाला.

त्याच सुमाराला गुरुजींना साठ पूर्ण होत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या षष्ट्यब्दीच्या शांती केल्या, तेव्हा त्यांची स्वतःची जोरात व्हावी असा सगळ्यांचा बेत. अकोल्याहून विमलकाकूंच्या बहिणीचा, सत्यवतीबाईंचा, रोज फोन यायचा की किती जणांचा स्वयंपाक. मुलगा ईशान हैदराबादला नोकरीला. त्यानं रजा टाकली होती. आणि गुरुजींनी एका सकाळी चहा पिताना सांगून टाकलं की मला शांतीबिंती काही नको, मला त्या मैदानावर एकदा खेळू द्या.

विमलकाकूंनी कप खाली ठेवला. "लोकायच्या शांत्या करून राहिले जन्मभर, अन् स्वतःच्या टायमाले हे?"

गुरुजी येरझारा घालत होते. म्हणाले, "मले पाहू दे, विमल, मी खेळतो का नाही खेळत. तिथं शंभराच्या आत आलो, तर खेळतो. नाही आलो, तर बॅग माळ्यावर. पुन्हा नाव काढणार नाही."

काकूंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस इतका कशाला घाबरलेला त्यांनी पाहिला नव्हता. सत्यवतीबाईंना काय सांगायचं ते त्यांनी आपल्या अंगावर घेतलं.

ईशानच्या ऑफिसात निधी गावंडे नावाची मुलगी होती, शेंदूरजनाघाटची, घरच्या संत्र्याच्या बागा. हैदराबादला गेल्यावर ती गोल्फ शिकली होती. तिनं जागा राखून ठेवली आणि बरोबर खेळायलाही तयार झाली. गाडी अकोल्याहून होती. विमलकाकू बहिणीकडेच थांबणार होत्या. त्यांच्या गुडघ्यांना एवढं चालणं झेपलं नसतं. स्टेशनवर गुरुजींनी बाकावर बूड टेकवलं नाही. बॅग खांद्याला लावून प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले, आणि एका हमालानं विचारलं की बाबाजी, डब्बा कौनसा है, तर त्यांना तोही सांगता येईना.

 मैदानावर पोचल्यावर गुरुजींनी वाकून गवताला हात लावला आणि हाताचा वास घेऊन पाहिला. ईशानला वाटलं, बाबा आता नमस्कार करतात की काय. निधी तिकडे आपली काठी पुसत उभी होती, ती म्हणाली की काका, आपला नंबर आला.

पहिले तीन होल म्हणजे नुसती फजिती. अमरावतीच्या कडक जमिनीवर चेंडू पडला की टणाटण उड्या मारत पुढे जातो, इथे पडला तिथेच बसला. ग्रीनवर उलट. ऑइलच्या वाळूत चेंडू जोरानं ढकलावा लागतो. तेवढ्या जोरानं इथे ढकलला तर तो भोक ओलांडून पलीकडच्या उतारावरून खाली. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाइप कुठे आहे म्हणून त्यांनी एकदा आजूबाजूला पाहिलंही. पण चौथ्यापासून त्यांना सूर सापडला. वाकायचे, चेंडू उचलून पुसायचे, चार पात्यांवर मांडायचे, आणि मारायचे. चेंडू सरळ जात होता. ईशानला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडे मांडायला तो बरोबर होताच, आणि सोळा होल झाले तेव्हा त्यानं सांगितलं की उरलेले दोन मिळून तेरा फटक्यांत झाले, तर बाबा शंभराच्या आत.

  गुरुजी निधीच्या पुढे पुढे चालायला लागले, मग मागे आले, मग पुन्हा पुढे. सतराव्याला त्यांचा पहिला फटका छान बसला. निधीचाही चांगला गेला होता, पण जाऊन पाहतात तर तिचा चेंडू गवतातल्या एका ओरखड्यात बसलेला. आधीच्या कुणाच्या तरी काठीनं तिथली ढेकळं उडाली होती आणि नेमका त्या खळग्यात चेंडू. निधीनं आपल्या नशिबाला एक शिवी दिली, काका बरोबर आहेत हे आठवून जीभ चावली, आणि काठी बदलायला बॅगेकडे वळली.

गुरुजींना पोरीची दया आली. स्वतःचा जीव टांगणीला लागलेला असताना दुसऱ्याची दया येणं ही काही लहान गोष्ट नाही. ते मायेनं म्हणाले, "अगं, तशातून कशाले मारते? उचलून ठेव ना बाजूले."

निधी थांबली. तिनं ईशानकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. "काका, इथं उचलत नाहीत. पडला तिथून मारा लागते."

गुरुजी हसले. आणि हसता हसता त्यांचं हसू तिथेच अडकलं. कारण हे त्यांना माहीत होतं. नियमांचं पुस्तक त्यांनी कधीच पाठ करून टाकलं होतं. ग्रीनवर खूण ठेवून चेंडू उचलता येतो, बाकी कुठेही हात लावायचा नाही, लावला तर एक फटका वाढतो. पुस्तक माहीत होतं, टीव्हीवर पाहिलं होतं, आणि पहिल्या होलपासून या क्षणापर्यंत त्यांचा हात दर वेळी खाली गेला होता. त्यांना न विचारता गेला होता. तोंडानं मंत्र चालू असताना हात जसे आपोआप पळीपंचपात्राकडे जातात, तसा.

"मंग मी सकाळपासून..."

"हो," निधी म्हणाली.

"बोलली काहून नाहीस?"

ती शेंदूरजनाघाटची मुलगी. गुळमुळीत बोलणं तिला जमत नाही. म्हणाली, "पयल्या होलवर बोलणार होती. पण तुमी इतक्या भक्तीनं उचलून राहिले, का मले वाटलं मनात काही मंत्र म्हणता. मंग म्हटलं, साठीचा माणूस, हौसेनं आलाय, कुठं टोकायचं."

ईशान मधे पडला. बाबा, ही काही स्पर्धा नाही, कोण बघतंय, तेरात आणा आणि शंभराच्या आत म्हणून घरी सांगा. त्यानं हे प्रेमानंच म्हटलं. पण गुरुजींना ते ऐकून शरम वाटली. मुलाची नाही, स्वतःची. घरोघरच्या पूजेत शेवटी कमीजास्त झाल्याची देवाकडे एका दमात माफी मागायची असते. तीही ते यजमानाच्या वतीनं मागत आले होते. आपलं स्वतःचं कमीजास्त कधी मोजायची वेळच आली नव्हती. त्यांनी मनाशी हिशोब करायला सुरुवात केली, दर होलला दोनदा उचलला, कुठे तीनदा, आणि शंभर कुठल्या कुठे मागे पडल्यावर हिशोब सोडून दिला.

सतरावा होल त्यांनी पुढे खेळलाच नाही. आपला चेंडू उचलून खिशात टाकला, आणि दिवसभरात एवढं एकच उचलणं त्यांनी जाणूनबुजून केलं. निधीनं त्या खळग्यातून मारला, वाईट मारला, आणि तक्रार न करता चालायला लागली. गुरुजी तिच्या मागून चालले. बॅग माळ्यावर जाणार हे ठरलंच होतं, आणि ती माळ्यावर गेल्यावर पहाटे उठून काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

अठराव्याला ग्रीनच्या अलीकडे तळं आहे. टीव्हीवर याच तळ्याकाठी टाळ्या वाजल्या होत्या. निधीनं हळूच विचारलं, हा खेळता का? गुरुजी म्हणाले, खेळतो, पण तू माझ्या हाताकडे लक्ष ठेव.

पहिला फटका बरा गेला. जाऊन पाहतात तर चेंडू एका गवताच्या झुपक्यात अर्धा रुतलेला. वाकडा, पाहवत नव्हता. आणि खरं सांगतो, गुरुजींचा हात निघाला. कंबर वाकली, बोटं पुढे झाली. निधी पाहत होती. गुरुजींनी बोटं मिटली आणि तो हात पाठीमागे घेऊन तसेच थोडा वेळ उभे राहिले.  आपल्याला या चेंडूला हात लावायचा नाही ही गोष्ट इतकी जड असेल असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी चेष्टा केली असती.

मारला. चेंडू चार हात सरकला. पुन्हा मारला, तो तिरका उडून उतारावर थांबला, एक पाय वर आणि एक खाली अशा जागी. तसाच मारला. तो तळ्यात. तळ्यात गेला की दंडाचा एक फटका मोजून दुसरा चेंडू टाकावा लागतो. गुरुजींनी दंड मोठ्यानं मोजला. घाम त्यांच्या भुवयांवरून खाली येत होता आणि गुडघा, तो सत्यनारायणात हलणारा, स्थिर होता. शेवटी चेंडू पाण्यावरून पलीकडे गेला, ग्रीनवर घरंगळला, आणि तीनदा ढकलल्यावर भोकात पडला. भोकात चेंडू पडल्याचा आवाज त्यांनी वीस वर्षांत हजारदा ऐकला असेल, पण या वेळी ते तिथेच बसकण मारून बसले.

"नऊ, काका," निधी म्हणाली. नऊ म्हणजे वाईटच.

"नऊ," गुरुजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

विमलकाकूंचा फोन लगेचच आला. सत्यवतीबाई शेजारी बसल्या असणार, आवाजावरून कळत होतं. किती झाले, शंभराच्या आत आले का? गुरुजी फोन कानाला लावून तळ्याच्या काठानं भराभर चालायला लागले आणि ईशान त्यांच्या मागे धावला, की हा माणूस पाण्यात जाईल.

"एक होल खेळलो," ते म्हणाले.

"एक? अन् बाकीचे?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. धापा टाकत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. काकूंना अर्धंच कळलं, पण त्यांनी मधे तोंड घातलं नाही. मग बॅग आता माळ्यावर टाकायची का, एवढंच त्यांनी विचारलं.

गुरुजी चालायचे थांबले. समोर एवढं मोठं मैदान उन्हात पसरलं होतं, आणि त्यांना ते पाहायचंही नव्हतं. त्यांना घरी जायचं होतं, आत्ता, याच पावली. "मी म्हणत होतो आपलं मैदान खोटं आहे," ते म्हणाले. "मैदानाचं काहीच खोटं नव्हतं, विमल. मीच उचलत होतो. हा जो एक होल खेळलो ना, हा तिथं रोज खेळता आला असता. भेगेत गेला तर गेला म्हणायचं होतं, बस. वीस वर्षं गेली."

 पलीकडे सत्यवतीबाई काय झालं, काय झालं विचारत होत्या, त्यांना काकूंनी गप्प बसवलं.

"मंग आता नका उचलू," त्या म्हणाल्या, आणि गाडी अकोल्याला किती वाजता येते ते विचारलं.